दाखला कुणाच्या हाती?



खंडेनवमीच्या दिवशी कागल पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्या-कारखान्यांतून यंत्रांची पूजा असते. लेथ, मिलिंग, प्रेस सगळी यंत्रे पुसून-पासून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात. अशाच एका खंडेनवमीला पूजेनंतर एका कारखान्याच्या आवारात कामगारांच्या घरच्यांसाठी गाण्यांचा कार्यक्रम होता. आमच्या गटातल्या दोघी तिथे काम करतात. त्यांनी आग्रहाने बोलावले म्हणून आम्हीही गेलो. मंडप, स्टेज, लाइट, साऊंड असा सगळा ठेका बाहेरच्या एका माणसाला दिलेला होता.

कार्यक्रम रंगात आला आणि स्टेजच्या डाव्या बाजूचे दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले, उजवीकडचे मंदावले. लोकांना वाटले, गाण्यासाठी मुद्दाम केले आहे. टाळ्याही पडल्या. आमच्या शेजारी बसलेली मैत्रीण मात्र ताडकन उठली. ती याच वसाहतीत कंट्रोल पॅनेलच्या जोडणीचे काम करते. आयटीआयचा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने पुरा केला आहे. ती स्टेजमागे धावली आणि म्हणाली, "न्यूट्रल सुटलाय. आधी मेन बंद करा." तिथल्या माणसाने वळूनसुद्धा न बघता सांगितले, "ताई, तुम्ही खाली जाऊन बसा. शॉक बसंल." तिने पुन्हा सांगितले. दुसरा एकजण हसला. मिनिटभरात अ‍ॅम्प्लिफायरमधून धूर निघाला, चार-पाच दिवे फुटले आणि सगळीकडे अंधार झाला. पडद्याने पेट घेतला नाही, हे नशीब.

यात जादूटोणा काही नव्हता. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार सैल झाली की तिन्ही फेजवरचा दाब सारखा राहत नाही. ज्या फेजवर भार कमी, तिथे दाब २३० व्होल्टवरून तीनशेच्याही पुढे चढतो आणि तिथली उपकरणे जळतात. ज्या फेजवर भार जास्त, तिथले दिवे मिणमिणतात. आमच्या मैत्रिणीला हे दिव्यांकडे बघताक्षणी कळले, कारण वर्षाचे तीनशे दिवस ती हेच काम करते. ठेकेदाराने मागाहून सांगितले, "लाइटच खराब आली." तिला कुणीही काहीही विचारले नाही.

परत येताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्याकडं सर्टिफिकिट हाय, त्याच्याकडं न्हाई. तरी शिडीवर त्योच, आन् खाली मी."

तिच्या या एका वाक्यावर आमच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. त्या चर्चेतून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे मांडत आहोत.

रंगमंचामागची कामे म्हणजे प्रकाश, ध्वनी, विजेची जोडणी, नेपथ्य उभारणे आणि स्टेजच्या वर दिव्यांचा सांगाडा टांगणे. आपल्याकडे ही कामे शिकण्याची रीत ठरलेली आहे. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा कुणाच्या तरी हाताखाली लागतो. आधी केबल गुंडाळतो, चहा आणतो, टेम्पोत सामानावर झोपतो. दोन-तीन हंगाम यात्रा, गणपती, लग्ने, ऑर्केस्ट्रा झाले की उस्ताद एक दिवस म्हणतो, "चढ वर." झाला तो कारागीर! त्याच्याजवळ कागद नसतो. "पोरगा हुशार आहे" हा उस्तादाचा शब्द हाच त्याचा दाखला. या रीतीने शिकलेल्या कित्येक गरीब, बहुजन घरांतल्या मुलांनी आपल्या हुन्नरावर संसार उभे केले. त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु या रीतीत मुलीला कुठे जागा आहे? टेम्पोत सामानावर कुठली मुलगी झोपेल, आणि झोपली तर गाव काय म्हणेल? म्हणजे मुलीला हे काम जमत नाही असे मुळीच नाही. ज्या वाटेने ते शिकायचे, ती वाटच तिच्यासाठी बंद आहे. आणि मग तेच लोक विचारतात, "बायका या धंद्यात दिसत का नाहीत?"

खरे तर त्या होत्या, अगदी पहिल्या दिवसापासून. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या चित्रपटात पडद्यावर एकही स्त्री नव्हती. तारामतीचे कामही साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. पण पडद्यामागे एक स्त्री होती. सरस्वतीबाई फाळके रसायने मिसळून फिल्म धूत, अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोके पाडत, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. आजच्या भाषेत सांगायचे तर लॅब, प्रकाशयोजना आणि कँटीन ही तीन खाती एकट्या सांभाळत होत्या. इतिहासाने त्यांची ओळख काय ठेवली? 'फाळक्यांना साथ देणारी पत्नी'! कामाला नाव मिळाले नाही, म्हणून कामाचा दाखला नाही. दाखला नाही, म्हणून पुढच्या मुलींना "आपल्या आधी कुणीतरी हे केले आहे" असे म्हणता आले नाही.

आपले कोल्हापूर तर या हुन्नराचे माहेरघर. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच शहरात देशी कॅमेरा तयार केला. १९२९ मध्ये 'प्रभात' इथेच स्थापन झाली. 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी इथले हुन्नर काही तिच्यामागोमाग गेले नाही. ते उद्यमनगरच्या कारखान्यांत होते आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत आहे. मोरेवाडीची चित्रनगरीही जवळच आहे. एकीकडे यंत्रावर काम करणाऱ्या शिकलेल्या मुली, दुसरीकडे मालिका, नाटके, मेळावे, महोत्सव यांची कामे. या दोन्हींमध्ये अंतर फारतर अर्ध्या तासाचे. तरीही कागलच्या शॉपमध्ये पॅनेल जोडणाऱ्या मुलीला स्टेजवरच्या डिमरला हात लावता येत नाही.

कारखान्यातही सगळे गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथली पगारातली तफावत, ठेकेदारी, बढतीतला भेदभाव यावर आपण या पानांतून अनेकदा लिहिले आहे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कारखान्यात वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी या कामांना एक मोजमाप आहे. परीक्षा आहे, कागद आहे. "बाईला काय जमणार" म्हणणाऱ्या सुपरवायझरपुढे तो कागद टाकता येतो. तो कागद बघून त्याचे मन बदलत नाही, पण निदान त्याचे तोंड बंद होते. स्टेजवर मोजमापच नाही. आणि जिथे मोजमाप नसते, तिथे पुरुष असणे हीच पात्रता होऊन बसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की रंगमंच आणि मनोरंजनाच्या क्षेत्रातल्या तांत्रिक कामांना रीतसर परीक्षा आणि दाखला हवा.

इथे काही मैत्रिणींनी आम्हाला अडवले, आणि योग्यच अडवले. त्या म्हणाल्या, "दाखल्याने बायकांना दार उघडते, हे कशावरून? दाखल्याने दारे बंद झाल्याची उदाहरणे काय कमी आहेत?" त्यांनी चारू खुराना यांच्या खटल्याची आठवण दिली. तो खटला आपण सगळ्यांनीच नीट समजून घेण्यासारखा आहे.

चारू खुराना रंगभूषाकार. त्यांनी अमेरिकेत जाऊन या कामाचे शिक्षण घेतले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषा करायची तर रंगभूषाकार, वेशभूषाकार आणि केशभूषाकारांच्या संघटनेचे कार्ड लागते. त्यांनी अर्ज केला. तो फेटाळला गेला. कारण? संघटनेच्या नियमांत रंगभूषा हे पुरुषांचे काम होते. बाईला कार्ड मिळायचे ते फक्त केशभूषेचे. केस बाईने विंचरावेत, चेहरा मात्र पुरुषाने रंगवावा! हा प्रकार पन्नासहून अधिक वर्षे चालला होता. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याची आणखी एक अट होती. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने या दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या. आपल्या राज्यघटनेला तेव्हा चौसष्ट वर्षे झाली होती.

या खटल्यातून आम्ही काय शिकलो? चारूंकडे शिक्षणाचा दाखला होता. अडवले ते कार्डाने. दाखला आणि कार्ड यांत फरक आहे. दाखला सांगतो, 'हिला हे काम येते.' कार्ड सांगते, 'ही आमच्यातली आहे.' पहिल्याची परीक्षा घेता येते, निकालावर दाद मागता येते. दुसरे कुणाच्या तरी मर्जीवर असते. ज्यांच्या रोजीवर नव्या माणसामुळे गदा येण्याची भीती आहे, त्यांच्याच हाती शिक्का दिला तर ते तो शिक्का कुणावर उमटवतील, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा प्रश्न 'दाखला हवा की नको' एवढाच नाही. तो कुणी द्यायचा, कशाच्या आधारावर द्यायचा आणि नाकारला तर दाद कुठे मागायची, हे त्याबरोबरच ठरले पाहिजे.

दाखल्याची मागणी फक्त बायकांसाठी आहे असेही कुणी समजू नये. ती सगळ्यांच्या जिवासाठी आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागून ५९ माणसे गुदमरून मेली. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती त्याच दिवशी सकाळी झाली होती, आणि ती धड झालेली नव्हती. आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट म्हणजे ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेभोवती जमून रडणाऱ्यांत पुरुष होते तशा बायकाही होत्या. आग कशामुळेही लागो, एवढे खरे की नाट्यगृह म्हणजे कापूस, लाकूड, रंग आणि वीज यांचा एकत्र संसार. एक हजार वॅटचा एक दिवा चार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह ओढतो. असे चाळीस दिवे लावायचे तर ते तिन्ही फेजवर कसे वाटायचे, कोणती केबल घ्यायची, अर्थिंग कुठे द्यायचे, हे अंदाजाने करण्याचे काम नाही.

जगात इतरत्र याचा विचार झाला आहे. अमेरिकेत २००५ पासून रंगमंचावर वजनदार वस्तू टांगणाऱ्यांसाठी, आणि पुढे तिथल्या विजेच्या कामासाठी, स्वतंत्र परीक्षा सुरू झाल्या. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्यक्ष कामाचा ठराविक अनुभव लागतो, आणि दाखल्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एकदा पास झाला की जन्माचा शहाणा, असे नाही!

आपल्याकडे अगदीच शून्य आहे असेही नाही. विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने आणि परवाना असलेल्या तारतंत्रीनेच करावे, असा नियम आहे. गणपतीच्या दिवसांत महावितरण दरवर्षी मंडळांना हेच बजावते. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेखाली मनोरंजन क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे. काम करता करता शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत केली गेली. कागदावर वाट आहे. पण स्टेजचा ठेका देताना "तुमच्याकडे शिकलेले माणूस कोण?" असे विचारतो कोण? दर विचारला जातो, आणि "आवाज किती मोठा येईल?" हे विचारले जाते.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या शब्दांत मांडतो.

पहिली मागणी : परीक्षा हाताच्या कामाची असावी, आणि मराठीत असावी. जोडणी करून दाखवा, दोष शोधून दाखवा, शिडी लावून दाखवा. सातवी शिकलेला जुना कारागीर आणि आयटीआय झालेली मुलगी या दोघांनाही ती देता आली पाहिजे. आज पोट भरणाऱ्या कुणालाही दाखल्याच्या नावाखाली उद्या रस्त्यावर काढता कामा नये. जुन्यांना दाखला मिळवण्यासाठी पुरेशी मुदत द्या, फी माफ करा.

दुसरी : अनुभवाची अट घालायची तर अनुभव मिळण्याची सोयही हवी. काम दिले जात नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, हे चक्र आपल्याला पाठ आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या नाट्यगृहांत शिकाऊ उमेदवारांच्या जागा ठेवाव्यात आणि त्यांतल्या काही मुलींसाठी राखून ठेवाव्यात. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा चालतात, मग नाट्यगृहात का चालू नयेत?

तिसरी : दाखला देणारे मंडळ धंद्यातल्या संघटनांपासून वेगळे असावे. परीक्षकांत स्त्रिया असाव्यात. नापास केले तर कारण लेखी द्यावे.

चौथी : रात्रीचा प्रश्न टाळू नये. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. ती देताना सुरक्षिततेची आणि घरी पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. नाटकाचा प्रयोग संपून सामान उतरेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात. तिथे ही जबाबदारी कुणाची? केरळमधल्या चित्रपटसृष्टीवरचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला. चित्रीकरणाच्या जागी बायकांना साधे स्वच्छतागृहसुद्धा नसते, हे त्यात नोंदवले आहे. नाट्यगृहात कलावंत बाईसाठी निदान मेकअप रूम असते, तंत्रज्ञ बाईसाठी कुठलीच खोली नसते. आणखी एक लक्षात ठेवा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ठेकेदाराकडे सहाच माणसे आहेत, म्हणून कायदा लागू नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पाचवी : ज्या कार्यक्रमाला सार्वजनिक पैसा किंवा सार्वजनिक जागा वापरली जाते, त्याच्या ठेक्यात विजेचे आणि टांगणीचे काम दाखला असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली होईल, ही अट असावी. आमची विनंती कागल वसाहतीतल्या कारखानदारांनाही आहे. आपल्या शॉपमध्ये जोडणीसाठी आयटीआयचा दाखला मागता ना? मग खंडेनवमीच्या मंडपासाठी का मागत नाही?

शेवटी एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. काहीजणी म्हणाल्या, "हजारो बायकांना किमान वेतन मिळत नाही आणि तुम्ही स्टेजवरच्या दिव्यांचे काय घेऊन बसलात?" आम्हाला वाटते, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. बायकांच्या वाट्याला कमी मजुरीचीच कामे का येतात? कारण ज्या कामाला 'कसब' म्हटले जाते, ते काम त्यांच्या हाती जाऊ दिले जात नाही. आणि गेलेच तर त्याला कसब म्हणणे बंद होते. सरस्वतीबाईंचे तेच झाले. आपल्या चळवळीच्या मेळाव्यांत तरी निराळे काय घडते? माईकवर आपण असतो, घोषणा आपल्या असतात, पथनाट्य आपले असते. आणि आवाज घरघरू लागला की आपण चारी दिशांना बघत हाक मारतो, "अहो दादा, जरा बघा ना!" पुढच्या ८ मार्चच्या कार्यक्रमात साऊंड आणि लाइट आपल्यातल्या शिकलेल्या मुलींच्या हाती द्यायचे, असे आमच्या गटाने ठरवले आहे. ठेकेदाराला तसे आधीच सांगणार आहोत. चुका होतील, त्या होऊ देत.

आमच्या त्या मैत्रिणीला आम्ही विचारले, "तू करशील ना?" ती म्हणाली, "करीन की. पण आधी मेनचा स्विच कुठं हाय त्यो मला दाखवायचा. आन् मी बंद कर म्हटलं की बंद करायचं. विचारत बसायचं न्हाई."

एवढीच तर मागणी आहे. मेनचा स्विच कुठे आहे ते दाखवा, आणि जिला कळते तिचे ऐका.

तुमच्या गावच्या, तुमच्या वसाहतीतल्या, पडद्यामागे काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मैत्रिणींविषयी आम्हाला जरूर लिहा. ही चर्चा पुढच्या अंकातही चालू ठेवू.

– संपादक मंडळ